वकिलाचा धर्म

पुणे जिल्ह्यातील खेड हे गाव आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मग्राम. लाहोर कटाच्या खटल्यासाठी १९३० साली व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले. त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नव्हते, आणि खटल्याचा बराचसा भाग आरोपींच्या गैरहजेरीतच चालला. आरोपीची बाजू पुरती न ऐकता दिलेला निकाल लोकांच्या मनास पटत नाही, हे या गावास निराळे सांगावयास नको.

फौजदारी कामात वकिलाचे पहिले कर्तव्य यातूनच निघते. अशील दोषी असेल तर वकिलाने त्याचा बचाव का करावा, असा प्रश्न नेहमी विचारतात. परंतु दोष ठरविणे हे न्यायाधीशाचे काम आहे. वकिलाने ते स्वतःकडे घेतले, तर खटल्याचा निकाल कोर्टाबाहेरच लागावयाचा. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेकायदा ठरविले, ते याच कारणाने. मात्र बचाव करणे म्हणजे खोटा साक्षीदार उभा करणे नव्हे. सरकारी वकिलासही बंधन आहेच: आरोपीचे निर्दोषत्व दाखविणारा पुरावा त्याने दडवू नये.

दिवाणी कामातला मोह निराळा. चाकणच्या कारखान्यांसाठी खेड तालुक्यातील जमिनी संपादन झाल्या. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या शेतकऱ्याजवळ फीपुरते पैसे नसले, तर ‘मिळेल त्यात निम्मे वकिलाचे’ हा सौदा त्यास सोयीचा वाटेल. पण मुंबईच्या एका वकिलाने १९५२ साली अशाच निम्म्या वाट्याचा करार केला, आणि त्याची सनद सहा महिने तहकूब झाली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो व्यवसायातील गैरवर्तनच मानला. इतरांनी असा करार केला असता तर हरकत नव्हती. वकिलास मात्र तो वर्ज्य. कारण वकील वाटेकरी झाला, की तडजोड करावी की लढावे, हा सल्ला तो अशिलाच्या हिताने देतो की आपल्या, हे कोणी सांगावे?

फी थकली तरी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असाही निर्णय त्याच न्यायालयाने २००० साली दिला आहे. वकील बदलू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने आपले दस्त निःशंकपणे परत मागावेत.