तेल वर, पाणी खाली!

मुलांनो, तुपाची कढई घासल्यावर ते ओशट पाणी मोरीतून कुठं जातं बरं? पाइपात तूप थिजतं, आत थर बसतो आणि मोरी तुंबते! २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबीचा आणि कचऱ्याचा २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गठ्ठा सापडला होता.

यावर उपाय म्हणजे ग्रीस ट्रॅप, तेल अडवणारी पेटी. तिच्यात पाणी संथ होतं. तेल हलकं, म्हणून वर तरंगतं. खरकटं तळाशी बसतं. बाहेरची नळी तेलाच्या थराखालून निघते, म्हणून मधलं पाणी तेवढं पुढं जातं. पेटी वेळोवेळी साफ करावी लागते, बरं का!

घरी पेटी नाही? मग कढई आधी रद्दीच्या कागदानं पुसा, नंतर घासा. गटार उपसणाऱ्या काकांचे कष्ट तेवढेच वाचतील!