निळ्या रेषेच्या आत

मुठा नदीवरचा बाबा भिडे पूल बुडाला की खडकवासला धरणातून पाणी सोडलंय, हे पुणेकरांना वेगळं सांगावं लागत नाही. २५ जुलै २०२४च्या पहाटे मात्र पाणी पुलावरून वाहून थांबलं नाही. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते थेट सोसायट्यांत शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, रहिवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं.

धरणातून तेव्हा साधारण ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. आकडा छाती दडपवणारा. पण मुठेची निळी पूररेषा आखली आहे ६० हजार क्युसेकसाठी आणि लाल रेषा एक लाखासाठी! मग निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यातच घरं का बुडाली? एक कारण उघड आहे: एकतानगरीचा काही भाग निळ्या रेषेच्या आतच येतो. त्यात पात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव.

वास्तविक महाराष्ट्रात पूररेषांबाबतचं परिपत्रक १९८९पासून आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई. शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल. दोन रेषांच्या मधे अटींवर परवानगी. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच त्यांचा अर्थ. यंदा पूर आला म्हणून पुढची चोवीस वर्षं सुटका नाही.

परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना केंद्राने राज्यांना १९७५मध्येच पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी कायदा केला. पूरक्षेत्रातली जमीन बिल्डरच्या आणि मतदाराच्याही मालकीची असते. तिथे रेषा ओढायची हौस कुणाला?

सगळं खापर धरणावर फोडणं सोपं. पण खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी पाणी मावतं. वरून पानशेत, वरसगाव धरणांचं पाणी आलं, पाणलोटात पाऊस कोसळला, की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग उपाय काय? नेदरलँड्समध्ये १९९५च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर सरकारने बांध नुसते उंच करण्याऐवजी नदीलाच जागा द्यायचं ठरवलं. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, शेजारी नवा प्रवाह खोदला. पुराची पातळी तिथे सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली. त्यासाठी पन्नासेक घरं हटवावी लागली, तीही मोबदला देऊन.