दोनशे बारची हवा आणि नखाएवढी चकती

आपल्या घरातल्या कुकरच्या झाकणावर शिटीशिवाय आणखी एक छोटी वस्तू असते, सेफ्टी वाल्व्ह. बहुतेकांचे तिच्याकडे वर्षानुवर्षे लक्षही जात नाही. शिटीचे भोक भाताच्या पेजेने बुजले आणि आतली वाफ कोंडली की हा वाल्व्ह स्वतः वितळून किंवा उडून वाफेला वाट करून देतो. डाळ जाते, ओटा घाण होतो, पण स्वयंपाक करणारी बाई वाचते. हे सगळे आम्ही विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो. गेल्या पावसाळ्यात तोच धडा आमच्यावर नव्याने शिकण्याची वेळ आली. वाचक बंधू-भगिनींना ती हकीकत सांगावी, आणि त्यासोबत चार कामाच्या गोष्टीही, म्हणून हा लेख.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. शाळेच्या जुन्या इमारतीतल्या एका लांब खोलीत आम्ही एअर रायफलचा सराव घेतो. दहा मीटर अंतर, ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि समोर कागदाचे लक्ष्य. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. आपल्या मुलांना हा खेळ परका वाटायचे आता कारण नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या अंजली भागवत मुंबईच्या. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने याच दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. २०२२ साली कैरोला जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. आमच्या खोलीत सध्या नऊ मुले येतात, त्यांत पाच मुली. ओढणी नीट बांधून, श्वास रोखून उभी राहिलेली मुलगी पाहिली की तिला घरी बसवून ठेवण्याची भाषा करणाऱ्यांची कीव येते.

या रायफलमध्ये दारू नसते. छर्रा जातो तो केवळ दाबलेल्या हवेच्या जोरावर. नळीखाली एक लहान सिलिंडर असतो. आमचे सिलिंडर पाव लिटरपेक्षाही लहान आहेत, आणि त्यांत २०० बार दाबाने हवा भरतात. २०० बार म्हणजे किती? कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. २०० बार म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर दोनशे किलोंहून थोडा जास्तच भार. पन्नास किलोंच्या तांदळाच्या चार गोणी एका नखावर ठेवा, म्हणजे कल्पना येईल.

ही हवा भरण्यासाठी शाळेकडे एक छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर आहे. एका देणगीदारांनी तो दिला. त्याची मर्यादा ३०० बार. त्यात एक मोठा पिस्टन हवा थोडी दाबतो आणि पुढच्या लहान पिस्टनकडे देतो. तो लहान पिस्टन तिला आणखी आवळतो. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तीच गोष्ट शेकडो पटींनी होते, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवून त्यातले पाणी यंत्रातून फिरवत ठेवावे लागते.

जिल्ह्याच्या निवडीला चार दिवस उरले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. नववीतल्या एका मुलीचा सिलिंडर आम्ही भरत होतो. काटा १८० वर आला आणि तिथेच थांबला. आम्हाला वाटले, यंत्र थकले असेल, थोडा वेळ लागेल. मुलगी दोन हातांवर उभी होती. एकाएकी बंदुकीसारखा आवाज झाला, खोलीत पांढरे धुके पसरले आणि मुले ओरडली. अल्लाहचा शुक्र, कोणाला खरचटलेही नाही.

फुटली होती ती एक चकती. नखाएवढी, पातळ, धातूची. दाब मर्यादेपलीकडे गेला की फाटण्यासाठीच ती बसवलेली असते. यंत्रासोबत आलेल्या पिशवीत तशा तीन चकत्या शिल्लक होत्या. आम्ही एक बसवायला घेतली, आणि इथे आमच्याकडून जे होणार होते ते लपवून उपयोग नाही. आमच्या मनात आले, ही पुन्हा फुटली तर? निवड तोंडावर आहे. एकावर एक दोन चकत्या बसवल्या तर टिकतील.

मोहल्ल्यातले एक चाचा जहाजावर इंजिन खात्यात फिटर होते. तीस वर्षे समुद्रावर काढून आता घरी असतात. पाना मागायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर ते असरची नमाज आटोपून आमच्यासोबतच शाळेत आले. आम्ही दोन चकत्यांची गोष्ट काढली. त्यांनी पाना खाली ठेवला.

“मास्तर, ही चकती बिघडली नाही. हिने आपले काम केले. आता सांगा, तुम्ही हिला जाड केलीत तर पुढच्या वेळी काय फाटेल?”

आम्ही गप्प राहिलो. पुढे रबरी नळी होती, आणि नळीच्या पुढे त्या मुलीचा सिलिंडर.

चाचांनी दाबाचा काटा उघडला. आत पाणी आणि गंज. काटा १८० वर अडकून बसला होता. दाब मात्र वर चढतच होता. फिल्टरची नळी खोलली तर आतला कापूस ओला आणि तपकिरी झालेला. तो आम्ही चार महिने बदलला नव्हता. कोकणात पावसाळ्यात एक घनमीटर हवेत पंचवीस-सत्तावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला ४० लिटर हवा लागते, म्हणजे दर भरणीला साधारण एक ग्रॅम पाणी यंत्रात येते. पाच भरण्यांत एक चमचा. ते काढून टाकले नाही तर ते कुठे तरी साचणारच. हा हिशेब आठवीच्या मुलांना जमेल असा. आम्ही तो कधी मांडलाच नव्हता.

रात्री घरी हे सांगितले तेव्हा आमच्या बेगम ताट वाढता वाढता एवढेच म्हणाल्या, “कुकरचा वाल्व्ह फुटला तर तुम्ही त्याच्या जागी खिळा ठोकला असता का?” त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नवा काटा मागवून येईपर्यंत यंत्र बंद ठेवले. चार दिवस मुलांनी हातपंपाने हवा भरली. दोन-दोन मुलांनी आळीपाळीने, घामाघूम होत. त्या मुलीचा सराव कमी पडला आणि निवडीत तिचे नाव थोडक्यात हुकले. ती आम्हाला काही बोलली नाही. तिच्या अब्बांनी मात्र विचारले, “सर, यंत्राकडे आधीच बघता आले नसते का?” आले असते. हेच खरे उत्तर आहे, आणि आम्ही त्यांना तेच दिले.

आता आमच्या खोलीत काही नियम भिंतीवर लावले आहेत. ज्यांच्या घरी, क्लबात किंवा शाळेत असे यंत्र आहे त्यांनी ते जरूर पाहावेत.

सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी ठेवावे आणि काचेतून तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, लगेच बदलावे. नव्या यंत्राचे पहिले तेल थोड्याच तासांत बदलायचे असते, पुढे पुस्तिकेप्रमाणे. गाडीचे उरलेले किंवा खाण्याचे तेल कधीही घालू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेलाची वाफ पेट घेऊ शकते.

आधी पाणी फिरू द्यावे, मग मोटर लावावी. पाणी सोडण्याचा वाल्व्ह उघडा ठेवून यंत्र सुरू करावे आणि मग तो बंद करावा. चालू असताना दर पाच मिनिटांनी तो क्षणभर उघडून साचलेले पाणी बाहेर सोडावे. पावसाळ्यात यात सवलत नाही. यंत्र फार तापले की थांबावे आणि थंड होऊ द्यावे. फिल्टरचा कापूस ओला दिसला की बदलावा, तारखेची वाट पाहू नये.

काटा चढता चढता थांबला तर यंत्र ताबडतोब बंद करावे. आमची चूक नेमकी इथे झाली. फुटलेल्या चकतीच्या जागी त्याच मापाची एकच चकती बसवावी. दाब असताना कोणताही सांधा सैल करू नये. आधी सगळी हवा सोडावी. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे, साधे ग्रीस चालत नाही. आणि हवेऐवजी ऑक्सिजन भरण्याचा विचारही करू नये, त्याने स्फोट होतो.

सिलिंडर सावकाश भरावा. भराभर भरला तर तो तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. त्यावरची तारीख वाचावी. स्पर्धेच्या रायफलींचे नामांकित उत्पादक सिलिंडरची मुदत दहा वर्षे धरतात. मुदत संपलेला सिलिंडर वरून नवा दिसला तरी वापरू नये. हवा भरताना मुले खोलीबाहेर असावीत, आणि भरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा व कानांवर संरक्षण असावे.

शेवटची गोष्ट वहीची. यंत्र किती मिनिटे चालले, तेल कधी बदलले, कापूस कधी बदलला, हे आम्ही रोज लिहितो. ही वही सांभाळायला ती नववीतली मुलगी स्वतःहून पुढे आली. अक्षर सुंदर आहे तिचे. परवा तिने आम्हालाच अडवले, “सर, आज पाणी सोडल्याची नोंद नाही.” आम्ही यंत्र बंद केले, वाल्व्ह उघडला, पाणी सोडले आणि वहीत सही केली. पुढच्या वर्षी ती पुन्हा निवडीला उतरणार आहे.

फाटलेली चकती आम्ही टेबलाच्या खणात ठेवली आहे. घाईघाईत काही जुळवून टाकावेसे वाटले की खण उघडून तिच्याकडे पाहतो.