वाघाची गुहा

हिमालयाच्या कुशीत भूतान हा डोंगराळ देश आहे. तेथील पारोच्या खोऱ्यात एक सरळ तुटलेला कडा दिसतो. खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, त्या कड्याच्या कपारीत बौद्धांची एक पवित्र गुहा आहे. तिचे नाव तक्त्सांग. म्हणजेच वाघाची गुहा. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर आरूढ होऊन येथे आले व ध्यानस्थ बसले, अशी भूतानी लोकांची श्रद्धा आहे.

ध्यानासाठी असे दुर्गम स्थळ का निवडावे? चित्त एकाग्र व्हावयाचे, तर लोकांचा गलबला दूर असावा लागतो. साधकाला ऊनपावसापासून निवारा मिळाला, की पुरे.

पुढे १६९२ मध्ये त्या गुहेभोवती मठ उभारण्यात आला. १९९८ साली लागलेल्या आगीत त्याची मुख्य इमारत भस्मसात झाली. तथापि भूतानी लोकांनी धीर सोडला नाही. जुन्याच धर्तीवर त्यांनी मठ पुन्हा बांधला. २००५ साली ते काम पूर्ण झाले.

आजही तेथे जाणाऱ्याला अखेरच्या पायऱ्या स्वतःच्याच पायांनी चढाव्या लागतात. लाकडी तुळया जळाल्या, पण यात्रेकरूंची वाट मोडली नाही. कारण ती वाट मुळी गुहेकडे जात होती.