रक्तांतील साखर व इन्शुलिन : कांहीं शब्दांचा उलगडा

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि माढा व करमाळा तालुक्यांतील काठच्या गांवांचें रूप पालटलें. जेथें मुख्यत्वेंकरून कोरडवाहू ज्वारी होई, तेथें आज ऊस डोलतो. कंदरसारख्या गांवीं केळीच्या बागा उभ्या आहेत. साखरेच्या या मुलखांत 'साखर' हा शब्द आतां दुसऱ्याहि अर्थानें घरोघरीं ऐकूं येतो. 'आजोबांना साखर निघाली' असें कोणी सांगितलें कीं सर्वांचे चेहरे उतरतात. रक्ततपासणीचा कागद बहुधा इंग्रजींत असतो व तो वाचून दाखविण्याचें काम घरांतील शाळकरी मुलाकडे येतें. त्याला आंकडा वाचतां येतो, पण अर्थ उमगत नाहीं. आणि अर्थ न उमगल्यास प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून या विषयांतील नेहमींच्या शब्दांचा येथें उलगडा करण्याचें योजिलें आहे.

आपण भाकरी खावी, भात खावा कीं केळें खावें, त्यांतील पिष्टाचें व गोडाचें पचनानंतर बहुतांशीं ग्लुकोज बनतें. हीच रक्तांतील साखर. ती शरीराचें इंधन होय. परंतु रक्तांतून स्नायूंमध्यें शिरण्यास तिला इन्शुलिनचें साहाय्य लागतें. पाटांत पाणी भरपूर असलें, तरी कोणी दारें धरल्यावांचून तें वाफ्यांत शिरत नाहीं. पाट तुडुंब वाहतो आणि पीक मात्र सुकतें. मधुमेहाची स्थिति नेमकी अशीच असते. जठरामागें स्वादुपिंड नांवाची ग्रंथि आहे. तींत बेटांसारखे विखुरलेले पेशींचे पुंजके इन्शुलिन तयार करतात. 'बेट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्यास हें नांव मिळालें.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत स्वादुपिंडांत इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं. हा प्रकार पुष्कळदां लहान वयांत दिसतो व त्यास रोज इन्शुलिन टोंचून घेणें हाच उपाय. दुसऱ्यांत इन्शुलिन तयार होतें, पण शरीर त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीं. तेथें मित आहार, श्रम व गोळ्या यांचा उपयोग होतो आणि पुढें कित्येकांना इन्शुलिनहि लागतें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिनचा शोध लावला, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला तें प्रथम देण्यांत आलें. त्यापूर्वीं पहिल्या प्रकारचा रोग जडलेलीं मुलें थोड्याच काळांत दगावत. म्हणून अशा मुलाचें इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून, जडीबुटीच्या भरंवशावर, एक दिवसहि बंद करूं नये.

आतां कागदावरील आंकडे. 'उपाशीपोटीं' म्हणजे निदान आठ तास अन्न न घेतां केलेली तपासणी. १०० मिलिलिटर रक्तांत १०० मिलिग्रॅमपेक्षां कमी साखर हें निरोगी प्रमाण. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना. १२६ किंवा अधिक, आणि फेरतपासणींतहि तसेंच आढळल्यास, मधुमेह. 'जेवणानंतर' म्हणजे जेवावयास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं. निरोगी माणसांत ही साखर सामान्यतः १४० च्या आंत असते. 'एचबीएवनसी' ही सुमारें तीन महिन्यांची सरासरी होय. तांबड्या रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगतात व त्यांस चिकटलेली साखर या तपासणींत मोजतात. म्हणून आदल्या दिवशीं पथ्य पाळून ती फसत नाहीं. ६.५ टक्के किंवा अधिक हें मधुमेहाचें लक्षण.

इन्शुलिन 'युनिट' या मापानें देतात. आपल्याकडील बाटलींत बहुधा एका मिलिलिटरमध्यें ४० युनिटें असतात, पेनमध्यें बहुधा १००. सिरिंजवरहि हाच आंकडा छापलेला असतो व तो औषधाशीं जुळलाच पाहिजे. १०० चें औषध ४० च्या सिरिंजनें खुणेबरहुकूम घेतल्यास अडीचपट मात्रा शरीरांत जाते!

साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे तीस 'हायपो' म्हणतात. हात कांपणें, घाम सुटणें, एकाएकीं भूक लागणें, बडबडणें हीं तिचीं लक्षणें. इन्शुलिन घेऊन न जेवतां उसाच्या फडांत राबणाऱ्यास हें संकट सहज गांठतें. अशा वेळीं तीच साखर औषध ठरते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनीं पुनः तपासावें, बरें न वाटल्यास पुनः द्यावी व मग भाकरी खाऊं घालावी. रोगी बेशुद्ध असल्यास मात्र तोंडांत कांहींएक घालूं नये; कुशीवर निजवून तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो व उष्णतेनें इन्शुलिनचें तेज नाहींसें होतें. न उघडलेली बाटली शीतपेटींत २ ते ८ अंशांत ठेवावी. गोठूं मात्र देऊं नये. शीतपेटी नसेल तेथें वापरांतील बाटली कोरड्या डबींत घालून ती डबी थोडें पाणी घातलेल्या मातीच्या मडक्यांत, सावलींत ठेवावी.

बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जगभर मधुमेह-दिन म्हणून पाळतात. आपल्या देशांत तोच बालदिन. विद्यार्थी मित्रहो, औषधाची मात्रा ठरविणें हें डॉक्टरांचें काम. परंतु घरांतील कागद नीट वाचणें, सिरिंजवरील आंकडा पाहणें आणि वेळेवर साखरेचें पाणी देणें हें तुम्हांलाहि सहज साधेल. शाळेंत मिळविलेल्या विद्येचा याहून चांगला उपयोग तो कोणता?