स्वस्तातला 'लखनवी चिकनकारी' कुर्ता हाताचा की मशीनचा? उलटा करून बघा!

पाचशे-सहाशे रुपयांत 'अस्सल लखनवी चिकनकारी' विकणारी रील तुमच्याही फीडवर आली असेलच. पण अंगभर भरतकाम एवढ्या पैशांत परवडतं कसं? बहुतेक वेळा ते हातानं केलेलंच नसतं.

हाताच्या कामात आधी लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापतात, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात. मग कापड लखनौ आणि आसपासच्या गावांतल्या बायकांकडे घरी पोहोचतं. बखिया घालणारी एक, तर जाळी करणारी दुसरी. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा उठावदार टाका. आणि जाळीसाठी कापड कापत नाहीत बरं का, सुईनं त्याचेच धागे बाजूला सारून टाक्यांनी आवळतात! भरगच्च कुर्त्याला महिने लागतात. मजुरी मात्र नगावर, तीही बरेचदा दलालाच्या हातून.

मशीनची गोष्ट युरोपातली. १८२८ च्या सुमारास फ्रान्समधल्या जोझुआ हाइलमान यांनी एकाच वेळी अनेक सुया चालवणारं यंत्र बनवलं. पण खरा वेग आला १८६३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांच्यामुळे. त्यांनी शिलाई मशीनसारखे दोन धागे वापरले, एक वरून, एक खालून. खालचा धागा नेणारा धोटा होडीसारखा, म्हणून यंत्राचं नाव 'शिफ्ली', म्हणजे छोटी होडी. पुढे कॉम्प्युटर आला. आज सुरतमध्ये एकदा डिझाइन फीड केलं, की रांगेतल्या सुया तेच फूल हुबेहूब काढत सुटतात.

चोरी पकडली जाते ती याच खालच्या धाग्यामुळे. कुर्ता उलटा करा. मागे सगळीकडे एकसारखा, बहुधा पांढरा धागा आणि प्रत्येक फूल तंतोतंत सारखं दिसलं, तर काम मशीनचं. हाताच्या कामात मागे गाठी असतात, एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारलेले धागे असतात, टाकेही थोडे कमी-जास्त.

मशीनचा कुर्ता घेण्यात काहीच गैर नाही. गैर आहे तो 'हँडमेड' म्हणून विकणं, कारण त्याच भावाशी तुलना करून हातानं काम करणाऱ्या बाईची मजुरी पाडली जाते. लखनौच्या चिकनला २००८ मध्ये जीआय टॅग मिळालाय, पण फोनवर स्क्रोल करताना तो कोण तपासतो? त्यामुळे ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा, कुर्त्याच्या उलट्या बाजूचा क्लोजअप फोटो.