मिक्सर निघाला अमेरिकेला

अमेरिकेला लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणीच्या पिशव्यांसोबत साडीत गुंडाळलेला एक मिक्सर पुष्कळदा असतो. तिकडे ब्लेंडर मिळत नाहीत असं नाही. पण त्यांची उंच भांडी स्मूदी आणि सुपासाठी घडवलेली; सुकं खोबरं, लसणीची चटणी, भिजवलेली डाळ त्यांत मनासारखी वाटली जात नाही. आपला मिक्सर मात्र आपल्या वाटणासाठीच जन्मला. घरचा जर्मन बनावटीचा ब्राऊनचा मिक्सर बंद पडला, तेव्हा अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणाचा भार पेलेल अशी मोटर तयार केली आणि १९६० च्या दशकात त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला. म्हणजे मिक्सर नेण्याचा हट्ट रास्तच आहे. अडतं ते तिथल्या भिंतीतल्या विजेपाशी.

भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. विमानतळावर मिळणारा अडॅप्टर लावला की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. मग इथला मिक्सर तिथे लावला की रिकाम्या भांड्यात पातं संथपणे फिरतं आणि ‘चालतोय की!’ असं वाटतं. खोबरं घातलं की खरी गोष्ट कळते. व्होल्टेज निम्म्यावर आलं की मोटरचा जोर जवळपास चौथाईवर येतो. पातं अडकतं, मोटर घुंघुं करते, आणि बटण तसंच दाबून धरलं तर आतलं वाइंडिंग तापू लागतं.

लंडन, दुबई, सिंगापूर किंवा जर्मनीला जाणाऱ्याला ही काळजी नाही. तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, प्रश्न उरतो तो फक्त पिनांचा. त्यातही एक पथ्य आहे: स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थिंगची जोडणी बहुधा नसते. धातूच्या अंगाची इस्त्री किंवा किटली अशा अडॅप्टरवर चालवू नये.

कुठली वस्तू न्यायची आणि कुठली ठेवायची, याचा निकाल वस्तूच्या तळाशी चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. मिक्सर उलटा केला की रबरी पायांच्या मधे ती सापडते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट. एकच आकडा, म्हणजे एकच वीज. आता मोबाइलचा चार्जर चष्मा लावून पाहा. त्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. हा चार्जर आलेल्या विजेचं आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या सर्किटमधून हवं तेवढंच व्होल्टेज बाहेर सोडतो. त्यामुळे पुणे, टोकियो, शिकागो त्याला सारखेच. लॅपटॉप, कॅमेरा, दाढीच्या रिचार्जेबल मशिनचे चार्जरही बहुतेक असेच असतात. तरी प्रत्येकाची पट्टी वाचावी.

उष्णता देणाऱ्या वस्तूंचं गणित सरळ आहे. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नव्हे, पावपट होते. इथली हजार वॅटची इस्त्री अमेरिकेत जेमतेम २७० वॅटची उरते आणि कपड्याची सुरकुती काही हटत नाही. उलटा प्रवास मात्र धोक्याचा. अमेरिकेतून सुट्टीला आलेली नात तिकडचा हेअर ड्रायर घेऊन येते. त्यावर १८७५ वॅट असं लिहिलेलं असतं; तो आकडा १२५ व्होल्टला १५ अँपिअर गुणून येतो. तोच ड्रायर पुण्यात २३० व्होल्टवर लावला की सहा हजार वॅटच्या वर खेचू पाहतो. एमसीबी पडला तर नशीब, नाहीतर जळका वास आणि ठिणग्या. काही ड्रायरच्या मुठीवर १२५ आणि २५० असा नाण्याने फिरवायचा छोटा खटका असतो, तो असेल तरच धीर करावा.

हा घोळ आला कुठून? एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज पुरवायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास, कार्बनच्या तारेच्या दिव्यांना मानवणारी. युरोप पुढे २२० कडे वळला, कारण व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तांबं वाचतं. अमेरिकेत तोवर ११० व्होल्टच्या वस्तू घरोघरी गेल्या होत्या. जपानची कथा याहून विलक्षण. टोकियोने १८९० च्या दशकात जर्मन जनरेटर आणले ते ५० हर्ट्झचे, ओसाकाने अमेरिकन आणले ते ६० चे. आजही एकाच देशात व्होल्टेज सगळीकडे १००, पण हर्ट्झ पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. २०११ च्या भूकंपानंतर टोकियोत विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी आणता आली नाही. दोन्ही जोडणाऱ्या केंद्रांची क्षमता जेमतेम दहा लाख किलोवॅट होती.

मिक्सरच्या मोटरला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं, म्हणून त्याला ट्रान्सफॉर्मर चालतो. पण तो तांब्या-लोखंडाचा, खरा हवा. हातात मावणारे हलके कन्व्हर्टर फक्त हीटरसारख्या वस्तूंसाठी असतात. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट घेते. ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याचं वजन पाच किलोच्या वर जातं, म्हणून तो तिकडेच घेतलेला बरा. किंवा सरळ ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घ्यावा. प्रीतीसारख्या कंपन्या तसे खास मॉडेल बनवतात, आणि रोज वाटण करणाऱ्या घरात तेच शहाणपणाचं. मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळी. त्याला हर्ट्झही जुळावे लागतात आणि ते ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेला साधा मायक्रोवेव्ह ५० वर तापतो, तेव्हा तो तिकडून आणूच नये.

मिक्सर बंद पडला तर चटणी राहते, नेब्युलायझर बंद पडला तर श्वास अडतो. दम्याच्या आजोबांसोबत जाणारं ते कॉम्प्रेसरचं यंत्र बहुधा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच असतं. तिकीट काढलं की त्याच्या तळाच्या पट्टीचा फोटो मुलाला पाठवावा. तिथलं यंत्र घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागू शकते, त्यात दिवस जातात. ते आजोबांच्या आधी घरी आलेलं असावं.